तेरा लाख माणसे आणि एक पीक

‘लोक फार झाले.’ चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत कुठल्याही अडचणीला हे उत्तर चालते. दवाखान्यात रांग, नोकरी नाही, तळ्यात गाळ, जंगलात वाघ-माणसाची झटापट, सगळ्याचे कारण एकच. या उत्तराची मोठी सोय अशी की त्यात कुणाही एकाला जबाबदार धरावे लागत नाही. धरलेच तर गरिबाला धरले जाते, आणि तो उलटून बोलत नाही. हे उत्तर खरे किती आणि सोयीचे किती, हे पाहायला गोंदिया जिल्हा चांगला आहे. मुंबईत बसून गर्दीवर लिहिणे सोपे असते. गोंदियात आकडे वेगळेच बोलतात.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा राज्याच्या पूर्व टोकाला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या कुशीत आहे. २०११ च्या जनगणनेत इथे १३,२२,५०७ माणसे मोजली गेली. क्षेत्रफळ ५,२३४ चौरस किलोमीटर, म्हणजे चौरस किलोमीटरला २५३ माणसे. महाराष्ट्राची घनता ३६५, देशाची ३८२, मुंबई उपनगराची जवळपास २१ हजार. वाढीचा वेगही तसाच. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्य १५.९९ टक्क्यांनी वाढले, गोंदिया १०.१४ टक्क्यांनी. माणसांत सांगायचे तर जिल्ह्यात दहा वर्षांत १,२१,८०० जणांची भर पडली. त्या वेळच्या अखंड ठाणे जिल्ह्यात एवढी भर सरासरी पाच महिन्यांत पडत होती.

मग गोंदियात लोकसंख्येचा प्रश्नच नाही म्हणायचे का? इतके सरळ नाही. घनतेचा आकडा सगळी जमीन धरून काढलेला असतो आणि जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त जमीन जंगलाखाली आहे. ती वजा केली की घनता चारशेच्या आसपास जाते. त्यातही तळी, नद्या, रस्ते आणि जिच्यावर काहीच करता येत नाही अशी झुडपी जंगलाची जमीन. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतल्या सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जंगलाला वनजमीनच मानायचे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. उरलेल्या जमिनीवर पीक मुख्यतः एक, धान, आणि तेही बहुतेक पावसाच्या भरवशावर. जिथे तलावाचे किंवा इटियाडोहसारख्या धरणाचे पाणी पोचते तिथे उन्हाळी धान होते. बाकी शिवारात दिवाळीनंतर हाताला काम उरत नाही. इथली गर्दी दिसते ती या रिकाम्या महिन्यांत.

ही तेरा लाख माणसे आली कुठून? १९०१ साली आजचे दोन्ही जिल्हे ज्यात होते त्या जुन्या भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ६,६३,०६२ होती, आणि ती आधीच्या दशकापेक्षा ११ टक्क्यांनी घटलेली होती. १८९६-९७ चा दुष्काळ, त्याची धग विझते न विझते तोच १८९९-१९०० चा. हस्ताचा पाऊस रुसला की निसवायला आलेले धान उभे वाळते, आणि त्या काळी बाहेरून धान्य यायच्या आत पटकी गावात येत असे. पुढे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मध्य प्रांत झोडपून काढला. १९२१ पर्यंत लोकसंख्या वाढत नव्हती, ती मरणाशी बरोबरी साधत होती. नंतर मरण मागे हटले. रेल्वेने धान्य वेळेत येऊ लागले, देवीची लस गावोगाव पोचली, १९५३ पासून हिवतापाविरुद्ध डीडीटीची फवारणी सुरू झाली. या जंगलपट्टीत हिवताप किती घरे रिकामी करत होता हे ज्यांनी पाहिले, त्यांना त्या फवाऱ्याचे मोल वेगळे सांगावे लागले नाही. जन्माचे प्रमाण पूर्वीचेच राहिले, मरणाचे घसरले. लोकसंख्यावाढीचे मुख्य कारण हे, आणि ते लाज वाटण्यासारखे नाही.

२०११ साली भंडारा आणि गोंदिया मिळून २५ लाखांवर माणसे होती. जुन्या जिल्ह्याची हद्द तंतोतंत हीच नव्हती हे धरूनही ११० वर्षांत वाढ चौपटीच्या आतलीच आहे. त्याच काळात देश पाचपट झाला. म्हणजे ज्या ग्रामीण, ‘मागास’ पट्ट्याकडे बोट दाखवून लोकसंख्येवर भाषणे होतात, तो देशापेक्षा सावकाश वाढला.

जगात या विषयावरची भीती जुनी आहे. माल्थसने १७९८ साली धान्य आणि माणसे यांच्या शर्यतीत धान्य हरणार असे लिहिले. १९६८ साली पॉल एर्लिकच्या ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ने तीच भीती नव्याने विकली, आणि त्या पुस्तकाची सुरुवात दिल्लीच्या एका वस्तीतून केलेल्या टॅक्सीप्रवासाने होते. टॅक्सीच्या काचेतून माणसे जास्तच दिसतात. त्यांचे काम, कर्ज आणि घरी मेलेली दोन मुले दिसत नाहीत. पुढच्या दहा वर्षांत देशात गव्हा-तांदळाच्या बुटक्या जाती पसरल्या आणि अटळ म्हणून सांगितलेली उपासमार त्या प्रमाणात झाली नाही.

महाराष्ट्राला मात्र ही चर्चा बाहेरून शिकावी लागली नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले आणि या कामापायी नोकरी घालवली, खटले अंगावर घेतले. १९३८ च्या नोव्हेंबरात डॉ. आंबेडकरांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. कर्वे आणि आंबेडकर या दोघांच्या मांडणीत एक गोष्ट समान आहे. बाईच्या शरीरावर बाईचा अधिकार आणि गरिबाच्या घरातले दारिद्र्य हे त्यांचे विषय होते, देशाच्या डोक्यावरचा ‘भार’ हा नंतर आला. १९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा भाराची भाषा पुढे आली आणि अधिकाराची मागे पडली.

भाराच्या भाषेचे टोक १९७६ साली गाठले गेले. तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करणारे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केले. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही एवढेच. आणीबाणी गेली, पण पुरुष नसबंदीच्या नावाने जो धसका बसला तो गेला नाही, आणि सगळा कार्यक्रम गुपचूप बायांच्या अंगावर ढकलला गेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ४९.१ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती; पुरुष नसबंदीवर विसंबून असलेली जोडपी ०.४ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची आणि त्याच दिवशी घरी जाता येईल अशी. तरी गावात चर्चा होते ती ‘टाक्याचे’ की ‘बिनटाक्याचे’ याची, म्हणजे बाईचेच. पुरुषाने ऑपरेशन केले तर नांगर कोण धरणार, हा प्रश्न अजून विचारला जातो. रोवणीत दिवसभर कमरेत वाकून कोण असते, हे विचारणाऱ्याला माहीत असते.

त्यानंतर आला दोन अपत्यांचा नियम. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले तर ग्रामपंचायतीचे सदस्यत्व जाते. २००५ पासून सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र लागते. हा नियम जन्म थोपवण्यापेक्षा प्रतिस्पर्ध्याला पाडण्यासाठी जास्त वापरला गेला, असे माझे मत आहे. निवडणुकीत हरलेला उमेदवार अंगणवाडीचे रजिस्टर आणि जन्माचा दाखला शोधत फिरतो हे गावोगाव ठाऊक आहे. आणि राखीव जागेवर निवडून आलेली तरुण बाई त्यात सर्वांत आधी सापडते, कारण मुले होण्याचे वय तिचेच असते. साठीतल्या पाटलाला काय भीती? आंध्र प्रदेशाने असाच नियम २०२४ च्या नोव्हेंबरात काढून टाकला, कारण तिथे आता माणसे कमी पडण्याची चिंता आहे.

तशी चिंता आपल्याही दारात आहे. २०१९-२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ निघाला. एका पिढीची जागा दुसऱ्या पिढीने पुरती भरून काढायची तर तो २.१ लागतो. हा उतार कायद्याने आला नाही. मूल जगेल याची खात्री झाली की माणूस चार मुलांचा विमा उतरवत नाही: २०२० साली राज्यात हजार जिवंत जन्मांमागे अर्भकमृत्यू १६ वर आलेले होते. मुलगी शाळेत टिकली की लग्न लांबते. २०११ साली गोंदियाची साक्षरता ८४.९५ टक्के होती, राज्याच्या सरासरीपेक्षा अधिक. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ९९९, राज्यात ९२९. या ९९९ वर फार फुशारकी मारू नये. कामासाठी बाहेर गेलेले पुरुष त्यात वजा झालेले असू शकतात. तरीही शेतीत बाईचे हात मोजले जातात अशा या मुलखात मुलगी नकोशी होण्याचे प्रमाण पश्चिम महाराष्ट्राच्या साखरपट्ट्याइतके कधी नव्हते. जन्मदर उतरला तरी लोकसंख्या काही वर्षे वाढत राहते, कारण आधीच्या मोठ्या पिढीतल्या मुली आता आया होत असतात. त्यांना दोनच मुले झाली तरी बेरीज होते. ती वाढ कुणाच्या बेफिकिरीची नाही.

आता परिणामांकडे येऊ. सातबाऱ्यावर ते स्पष्ट दिसतात. धरून चाला की आजोबांची बारा एकर होती. तीन मुले, प्रत्येकाला दोन-दोन. नातवाच्या वाट्याला दोन एकर आली. राज्यात शेतजमिनीची सरासरी धारणा १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ साली १.३४. पण धानाच्या मुलखात वाटणीला आणखी एक पेच आहे, तो कापसाच्या रानात नाही. तिथे दोन भाऊ वेगळे झाले तर मध्ये दगड पुरला की भागते. इथे शेत म्हणजे बांधी. चारही बाजूंनी मातीची पाळ, आत पाण्याच्या पातळीला घासून सपाट केलेली जमीन, आणि वरच्या बांधीचे पाणी खालच्या बांधीत उतरणारे. बांधी वाटली की नवी पाळ घालावी लागते. ती जमीन खाते. तिच्यामुळे चिखलणीला ट्रॅक्टर वळत नाही. पाणी सोडायचे तोंड वरच्याच्या ताब्यात जाते. तलावाचे पाणी सुटले की वरचा भाऊ आपले भरून घेईपर्यंत तोंड उघडत नाही, खालच्याची परे पिवळी पडतात, आणि श्रावणात सुरू झालेला वाद पोळ्यापर्यंत तहसील कार्यालयात पोचतो. म्हणून पुष्कळ घरांत जमीन कसायला वेगळी आणि कागदावर सामाईकच राहते. मग आधारभूत खरेदी केंद्रावर धान विकायचे तर सगळ्या हिस्सेदारांची संमतिपत्रे गोळा करा. त्यातला एक पुण्याला, एक रुसलेला.

पण यात माणसांची संख्या हे अर्धेच कारण आहे. जगात पुष्कळ ठिकाणी लोकसंख्या वाढली तेव्हा शेतावरची माणसे दुसऱ्या धंद्यात गेली. गोंदियात ती जायला जागा फार नव्हती. भातगिरण्यांनी शहराला नाव दिले, पण गिरणी यंत्रावर चालते; बाहेर थोडे हमाल पुरतात. बिड्या घरोघर वळल्या जात होत्या, तो धंदा ओसरला. तेंदूपत्ता उन्हाळ्यात थोडेच दिवस असतो. पुढची पिढी त्याच दोन एकरांवर राहिली, म्हणून ती दोन एकर लहान वाटतात.

तलावांची गोष्टही अशीच. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने या मुलखात तलाव बांधले. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळ्याने घातला असे परंपरा सांगते. पूर्व विदर्भात आज असे सुमारे साडेसहा-सात हजार माजी मालगुजारी तलाव आहेत. सरकारी कागदात त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात, आणि सरकारने त्यांना वागवलेही पुष्कळदा असेच मामा करून. मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, होती तोवर गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे हे गावाचे आणि मालगुजाराचे बांधलेले काम होते, त्यात वेठही होती, हे विसरू नये. १९५१ साली मालगुजारी गेली, हक्क सरकारजमा झाले आणि जबाबदारी हवेत राहिली. गाळ साचला, उघड्या पडलेल्या तळाशी गाळपेर सुरू झाली. आज त्याला अतिक्रमण म्हणतात आणि वाढत्या लोकसंख्येच्या खात्यावर टाकतात. भूमिहीन माणूस तळ्यात शिरला हे खरे, पण दार उघडे सोडून व्यवस्था आधीच निघून गेली होती.

जंगलात दाब खरा आहे आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. नागझिरा अभयारण्य १९७० चे, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चे. डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या, कारण तिकडे वाघ जास्त झाले होते. तेंदू आणि मोहफुलांच्या दिवसांत पहाटे अंधारात बाया वाकून फुले वेचतात, आणि वाकलेले माणूस वाघाला माणूस वाटत नाही. इथे संख्या कमी करून प्रश्न सुटत नाही. मोहावरची मिळकत ज्यांच्या चुलीला लागते त्यांना दुसरे काय, हा प्रश्न आहे.

सारसाचे उदाहरण याच्या उलट. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः गोंदियाच्या शेतांत, तीस-चाळीसच्या घरात. हा पक्षी माणसांनी केलेल्या बांधीतच घरटे घालतो. माणसे वाढली म्हणून तो गेला असता तर केव्हाच गेला असता. त्याला मारते ते विजेची तार आणि कीटकनाशक. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्वतःहून हे प्रकरण हाती घेतले, तेव्हा खांबांवरच्या तारांकडे लक्ष गेले.

तारांचे मूळ शोधायचे तर तिरोड्याला जावे. तिथल्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता ३,३०० मेगावॅट आहे. जिल्ह्याच्या स्वतःच्या गरजेच्या ती कितीतरी पट. पाणी वैनगंगेचे, राख इथली, वीज जाते दूरच्या शहरांतल्या वातानुकूलित यंत्रांना. पर्यावरणावरचा भार माथी मोजून काढला तर गोंदियाची तेरा लाख माथी मोठी दिसतात. वापर मोजला तर ती फार लहान होतात. लोकसंख्येवरच्या भाषणांत हा दुसरा हिशेब क्वचितच येतो, कारण भाषण ऐकणारे त्यात सापडतात.

मोकळ्या महिन्यांत माणसे बाहेर पडतात. वाटा ठरलेल्या आहेत. शिकलेला पोरगा गोंदियाहून कोल्हापूरला जाणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुणे गाठतो किंवा विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई. न शिकलेले जोडपे बल्लारशाच्या गाडीने दक्षिणेला उतरते, तेलंगणात मिरची तोडायला. मुकादम आधी उचल देतो, ती दिवाळीत खर्च होते आणि जानेवारीत अंथरूण-पांघरूण, तांदळाचे पोते आणि लहान मूल घेऊन निघावे लागते. मोठे मूल आजीपाशी राहते. ते राहिले तर शाळेत पट टिकतो, नाही तर तोही घसरतो.

पट घसरतोच आहे. वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या शाळा राज्यात जवळपास पंधरा हजार निघाल्या तेव्हा, २०२३ साली, लहान शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढायचा विचार पुढे आला. देवरी-सालेकशाच्या टोल्यावर शाळा चार किलोमीटर लांब गेली तर आधी मुलीचे नाव कटते, आणि मुलीची शाळा सुटणे म्हणजे लग्न लवकर, मूल लवकर. मुले कमी झाली म्हणून केलेली काटकसर पुन्हा मुले वाढवण्याच्या वाटेवर नेते.

सावकाश वाढल्याची शिक्षा राजकारणातही मिळते. २००१ च्या आकड्यांवर २००८ साली मतदारसंघांची फेररचना झाली. विदर्भाच्या विधानसभेच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या, लोकसभेच्या ११ वरून १०. ठाणे जिल्ह्याच्या १३ होत्या, त्या २४ झाल्या. गोंदिया जिल्ह्याच्या वाट्याला चार आमदार आहेत. दक्षिणेतली राज्ये दिल्लीत जी तक्रार आज करतात, ती विदर्भाने मुंबईत करायला हवी होती. फारशी कुणी केली नाही.

२०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली. आता १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख ठरली आहे आणि माणसे मोजली जातील ती फेब्रुवारीत. २०११ च्या मोजणीचा नियम असा होता की मोजणीच्या संपूर्ण काळात जो घरी नसेल, त्याला घरी धरायचे नाही. जिथे सापडेल तिथे धरायचे. तो तसाच राहिला तर अर्जुनी मोरगावच्या टोल्यावरचे जोडपे फेब्रुवारीत खम्ममच्या मिरचीच्या शेतात तेलंगणाच्या खात्यात जमा होईल, आणि पुढे जागा आणि निधी ठरतील ते याच आकड्यांवर. किती माणसे अशी वजा होणार हे आधी कळायला हवे. तोडणीला जाणाऱ्यांची नोंद डिसेंबरातच ग्रामपंचायतीमार्फत घेता येईल. अवघड नाही. गावागावातली नावानिशी यादी मुकादमांकडे तयार असते, कारण उचल त्यांनीच वाटलेली असते.